लढाई सरदारांची, बैल कुणब्याचा

आमच्या मुलांना शाळेंत जो इतिहास शिकवितात त्यांत लढायांची वाण नाहीं. कोणत्या सालीं कोणी कोणास जिंकलें, कोणता किल्ला कोणी घेतला, तहांत कोणी किती मुलूख सोडला, हें सारें मुलें घडाघड म्हणून दाखवितात. परंतु ज्या घोड्यांनीं दौड मारली ते कोणाच्या शिवारांतली वैरण खाऊन दौडले, ज्या तोफा किल्ल्याखालीं नेल्या त्या कोणाच्या बैलांनीं ओढल्या, आणि फौज निघून गेल्यावर पुढच्या मृगांत त्या गांवांत पेरणी झाली कीं नाहीं, हा प्रश्न पुस्तकांत नाहीं आणि परीक्षेंतही नाहीं. वहींत नुसती जमेची बाजू लिहून खर्चाची बाजू कोरी ठेवणाऱ्या कारभाऱ्यास आम्ही लबाड म्हणतों. मग लढायांचा असा अर्धा हिशेब आम्ही पिढ्यान्‌पिढ्या खरा कां मानावा? आज आम्ही खर्चाची बाजू मांडणार आहों, आणि ती आमच्या बीड जिल्ह्याचीच मांडणार आहों.

बीड जिल्ह्याची ठेवणच अशी कीं फौजा येथून गेल्यावांचून राहात नसत. उत्तरेस गोदावरी, मधून बालाघाटचा डोंगर, दक्षिणेस मांजरा. दौलताबादेकडून परांड्यास, कंधारास किंवा बेदरास जावयाचें म्हणजे गोदावरी उतरून हाच मुलूख तुडवावा लागे. धारूरचा किल्ला आदिलशाही सरदार किश्वरखान यानें इ. स. १५६७ त बांधला, तो निजामशाहीच्या सरहद्दीवर पाय रोवण्यासाठींच. बहामनी आले, निजामशाही आली, मोगल आले, मराठे आले, आसफजाही आली. निशाणें बदललीं, वैरण मात्र दर वेळीं त्याच शिवारांतली गेली.

ज्या काळीं कारखाने नव्हते, आगगाडी नव्हती, त्या काळचें सारें जग तीन गोष्टींवर चालत असे: माणसाचे हात, बैलाची मान आणि पावसाचें पाणी. राजाचा खजिना म्हणजे मुख्यत्वें शेतसारा, आणि शेतसारा म्हणजे खळ्यावरच्या राशींतला वांटा. म्हणून लढाई लांबली कीं तिचा बोजा फिरून फिरून खळ्यावरच येऊन पडे. आजच्या सरकारास कर्जरोखे काढतां येतात, नोटा छापतां येतात, परदेशांतून जहाजें भरून धान्य आणतां येतें. त्या वेळच्या राजाची फौज ज्या मुलखांत उभी असेल, बहुतकरून त्याच मुलखांतून तिचें पोट भरावें लागे.

हें पोट केवढें होतें तें आमच्या वाचकांनीं बोटांवर मोजून पाहावें. एका स्वारास व त्याच्या घोड्यास मिळून रोज चार शेर दाणा धरूं, गवत-कडबा निराळा. दहा हजार स्वारांस रोज चाळीस हजार शेर, म्हणजे एक हजार मण दाणा झाला. शंभर उंबऱ्यांच्या गांवांत घरटीं चार शेर धरले तर सारें गांव रोज दहा मण खातें. याचा अर्थ असा कीं दहा हजारांची फौज एक रात्र मुक्काम करून गेली तर त्या गांवाचें शंभर दिवसांचें अन्न संपलें. यांत हत्ती, उंट, तोफांचे बैल व बाजारबुणगे धरलेलेच नाहींत. कोणी म्हणेल, धान्य दुरून आणीत असतील. आणीत असत, लमाणांच्या बैलांच्या पाठीवरून आणीत असत. परंतु लमाणाचा बैल वाटेनें चरत चालतो. ज्या वाटेवर गवत नाहीं त्या वाटेवर तांडा चालत नाहीं. म्हणजे जेथें दुष्काळ सर्वांत कडक, तेथेंच बाहेरचें धान्य पोंचणें सर्वांत कठीण. रेल्वे येईपर्यंत या गोष्टीवर कोणत्याही बादशहाजवळ उपाय नव्हता.

या हिशेबाचा पडताळा पाहावयाचा तर इ. स. १६३० व १६३१ हीं दोन सालें पाहावीं. मोगल सरदार खानजहान लोदी हा शहाजहान बादशहाशीं बिघडून इ. स. १६२९ च्या अखेरीस आग्र्याहून निसटला आणि निजामशहाच्या आश्रयास आला. त्याचा पाठलाग आणि निजामशाहीचा समाचार अशीं दोन्ही कामें एकदम उरकावीं म्हणून बादशहा १६३० च्या मार्चांत स्वतः बऱ्हाणपुरास येऊन बसला, आणि त्यानें तीन फौजा बालाघाटांत सोडल्या. त्याच वर्षीं दख्खनेंत व गुजराथेंत पावसानें दगा दिला. फौजा मागें फिरल्या नाहींत. पावसाळा सरतांच आजमखान बीडवर चालून आला. बीडच्या आसपास झुंज झाली, खानजहान पळाला, आणि त्याच्यामागें घोडे धांवले. मग १६३१ च्या जानेवारींत आजमखानानें धारूर गांठलें. किल्ला घेण्याआधीं त्याच्या लोकांनीं किल्ल्याखालची पेठ लुटली.

पेठ लुटली, हे दोन शब्द वाचून पुढें जाऊं नये. पेठ म्हणजे कुणब्याचा कापूस, तेल्याचें तेल, धनगराची घोंगडी, कोष्ट्याचें कापड आणि साळ्याचें लुगडें विकलें जाण्याची जागा. तेथें माल विकून जो पैसा येई त्यावर लोक सारा भरीत, मीठ घेत, लोखंड घेत. पेठ बसली कीं ज्या गांवांत एकही शिपाई गेला नाहीं त्या गांवाचेंही चलनवलन थांबतें. शत्रूचा किल्ला एक पडला. परंतु त्याबरोबर कितीएक घरांचा बाजार उठला, तें कोणत्याही फत्तेनाम्यांत लिहिलेलें नसतें.

हीच फौज पुढें परांड्यास जाऊन बसली. तेथें कोसच्या कोस गवताची काडी मिळेना, म्हणून वेढा उठवून तिला पुन्हा धारूराकडे वळावें लागलें. ज्या किल्ल्याला बादशाही तोफा पाडूं शकल्या नाहींत तो भुकेल्या घोड्यांनीं वांचविला. आम्ही विचारतों, बादशहाच्या फौजेला जेथें चारा मिळाला नाहीं, तेथल्या कुणब्याच्या गाईचें आणि बैलाचें काय झालें असेल?

त्या दुष्काळाचें वर्णन बादशहाचा स्वतःचा इतिहासकार अब्दुल हमीद लाहोरी यानें केलें आहे. भाकरीसाठीं जीव विकावयास लोक तयार होते आणि घेणारा कोणी नव्हता. बकऱ्याच्या म्हणून कुत्र्याचें मांस विकलें जाई. मेलेल्यांचीं हाडें दळून पिठांत मिसळलीं जात. प्रेतांनीं रस्ते अडले. असें त्यानें लिहिलें आहे. त्याच दिवसांत पीटर मंडी नांवाचा इंग्रज व्यापारी सुरतेहून बऱ्हाणपुरावरून आग्र्यास गेला. गुरांच्या शेणांतले न पचलेले दाणे वेंचून खाणारीं माणसें त्यानें वाटेंत पाहिलीं. आणि त्याच वाटेनें बऱ्हाणपुरच्या छावणीसाठीं धान्य लादलेले बैल जात होते, हेंही त्यानें पाहिलें. धान्य या देशांत अगदींच नव्हतें असें नाहीं. जें होतें तें जेथें तलवार व पैसा होता तिकडे चाललें होतें.

चांगलें तें चांगलें म्हणावें, म्हणून हेंही सांगतों कीं बादशहानें बऱ्हाणपूर, अहमदाबाद व सुरत येथें अन्नछत्रें उघडलीं. बऱ्हाणपुरांत दर सोमवारीं पांच हजार रुपये याप्रमाणें वीस आठवड्यांत एक लाख रुपये वांटले, आणि खालसा मुलखाच्या साऱ्यांत सुमारें सत्तर लाखांची सूट दिली. परंतु अन्नछत्रांच्या त्या यादींत बीडचें नांव नाहीं, धारूरचें नाहीं. जेथें फौजेची तंगडी पडली तेथें लंगर नव्हता. बादशहाची बेगम मुमताजमहाल याच बऱ्हाणपुरांत १६३१ च्या जून महिन्यांत वारली. तिची कबर पाहावयास आज सारें जग आग्र्यास जातें. त्याच वर्षीं बालाघाटांत जीं माणसें मेलीं त्यांच्या नांवाचा दगडही नाहीं.

यावर कोणी शहाणा म्हणेल कीं हा तर दुष्काळ. त्यांत लढाईचा दोष काय? या शंकेचें उत्तर नीट दिलें पाहिजे, कारण ती प्रामाणिक शंका आहे. आमच्या कोरडवाहू मुलखाला दुष्काळ नवा नाहीं. पाऊस दहा वर्षांत दोन वेळां चुकणार हें गृहीत धरूनच आमच्या वाडवडिलांनीं संसार मांडला होता. त्यांच्याजवळ चार उपाय होते. पहिला, पेवांतलें जुनें धान्य. दुसरा, गुरें घेऊन पाण्या-चाऱ्याच्या मुलखांत, गोदाकांठीं किंवा डोंगरांत जाणें. तिसरा, सोयऱ्याधायऱ्यांकडे माणसें पाठविणें. चौथा, पेठेंत जाऊन हातचें कांहीं विकणें अगर मजुरी करणें. आतां पाहावें, फौज आली कीं या चारांचें काय होतें. पेवें फौज उकरते. कारण घरमालकाला मारहाण केली कीं पेवाची जागा कळते. गुरें वाटेवर काढलीं तर तीं पेंढारी हांकून नेतात, म्हणून गुरें घरींच उपाशी बांधावीं लागतात. सोयऱ्यांच्या गांवावरूनही फौज गेलेली असते. पेठ लुटली गेलेली असते. दुष्काळ माणसाच्या दारांत येतो. लढाई त्याची मागली दारें लावून घेते. पावसानें गांव दुबळें होतें, आणि दोन्ही मिळून आलीं म्हणजे गांव उठतें.

गांव एकदां उठलें कीं तें पुन्हा बसावयास किती वर्षें लागत, हाच या विषयाचा गाभा आहे. धान्य लुटलें तर एक साल गेलें. बियाणें खाल्लें तर दुसरेंही साल गेलें. बैल गेला तर पांच-सहा सालें गेलीं. कारण गाय विकत मिळाली तरी वासरूं जूं घेण्याजोगें व्हावयास तीन-चार वर्षें लागतात, आणि एका बैलानें काळ्या रानाची नांगरट होत नाहीं. तीस चार-सहा बैल लागतात. नांगरट झाली नाहीं कीं रानांत हरळी व कुंदा माजतो, आणि कुंदा माजलेलें रान पुन्हा वहितीस आणणें हें नवें रान फोडण्याहून कठीण. आणि हाताशीं आलेला पोरगा गेला, तर एक पिढी गेली. कारखाने असलेल्या देशांत लढाईनें पूल मोडले, इमारती पडल्या, तरी यंत्रें पुन्हा घडवून दहा वर्षांत देश उभे राहिलेले जगानें पाहिले आहेत. ज्या देशाचें यंत्र म्हणजे बैल, तेथें यंत्र गाईच्या पोटीं जन्मावें लागतें. तेथें घाई चालत नाहीं.

बलुतेदारांची स्थिति तर याहून वाईट. सुतार, लोहार, चांभार, कुंभार, न्हावी, परीट, महार, मांग यांचें पोट खळ्यावर मिळणाऱ्या बलुत्यावर. खळ्यावर रास नाहीं तर बलुतें कशांतून मिळणार? कुणब्याजवळ निदान विकावयास एखादें भांडें, एखादा रानाचा तुकडा; बलुतेदाराजवळ हातांतल्या कसबावांचून कांहीं नाहीं, आणि गांव उठल्यावर त्या कसबाला गिऱ्हाईक नाहीं. शिवाय फौज मुक्कामाला आली कीं पहिली हांक त्यालाच. लोहारानें नाल ठोकावे, चांभारानें खोगीर व पखाली शिवाव्या, सुताराने गाड्याचीं चाकें बसवावीं, कुंभारानें पाण्याचीं मडकीं द्यावीं, महारानें डोक्यावर बोजा घेऊन पुढच्या गांवापर्यंत वाट दाखवावी. याला वेठ म्हणत. वेठीला मजुरी नसे. लढाईमुळें कारागिरांस काम मिळतें असें जे म्हणतात त्यांनीं हें लक्षांत ठेवावें कीं राजधानींतल्या सिकलगाराला काम मिळालें. गांवच्या लोहाराला वेठ मिळाली.

लढाईंत सारेच बुडाले असें आम्ही म्हणत नाहीं. तसें म्हणणें खोटें होईल. कितीएक कुणब्यांचीं पोरें बारगीर झालीं, शिलेदार झालीं, त्यांतलीं कांहीं सरदारही झालीं, आणि त्यांच्या वंशजांस आजही त्याचा अभिमान आहे. घोड्यांचे सौदागर कमावले. फौजेला पैसा पुरविणारे सावकार कमावले. फौजेचा पगार तुंबला कीं सरदार सावकाराकडे जाई, आणि सावकाराला परगण्याचा वसूल तोडून दिला जाई. म्हणजे रयतेनें जो सारा राजाला द्यावयाचा तो सावकाराचे कारकून वसूल करूं लागत, आणि ज्याला दोन वर्षांत आपलें मुद्दल-व्याज उपटून न्यावयाचें त्याला तिसऱ्या वर्षीं रयत जगते कीं मरते याची पर्वा कशाला? इकडे गांवांत पाटील आपल्या वतनाचा हिस्सा दाण्यासाठीं विकी, कुणबी मिरासीचें रान लिहून देई. पिकाचे दिवस पुन्हा आले तेव्हां रान तेंच होतें, पण धनी बदललेला होता.

याच १६३० च्या दुष्काळांत देहूचें एक दुकान बुडालें. दुकानदाराची पहिली बायको अन्नावांचून गेली, मुलगाही गेला. त्यानें पुढें लोकांकडून येणें असलेलीं आपल्या वांट्याचीं खतें इंद्रायणींत सोडून दिलीं, अशी परंपरा सांगते. ते आमचे तुकोबा. त्या सालीं मुलखांत खतपत्रांचे गठ्ठे बाळगणारे सावकार थोडे नव्हते. पण खतें पाण्यांत सोडणारा म्हणून लोकांनीं एकाच माणसाचें नांव तीनशें नव्वद वर्षें लक्षांत ठेवलें आहे, यावरून बाकीच्यांनीं काय केलें असेल तें समजावें.

मग गांवें पुन्हा वसलीं कशीं? येथें आमच्या पूर्वजांच्या हातीं एक हत्यार होतें, तें म्हणजे त्यांचे पाय. त्या काळीं जमीन उदंड आणि माणूस थोडा, अशी स्थिति होती. लढाई व दुष्काळ यांनीं माणूस आणखी थोडा झाला. ओस गांवाचा सारा मिळत नसे, म्हणून राजाला रयत हवी असे. तेव्हां देशमुख-पाटील कौल घेऊन परागंदा झालेल्या कुणब्यांस बोलवावयास जात: पहिल्या वर्षीं नांवाला सारा, दुसऱ्या वर्षीं थोडा, असें चढत चढत कांहीं वर्षांनीं पुरा. कौल म्हणजे राजानें रयतेपुढें केलेली तडजोड होय, आणि ती कोणाच्या दयेनें झाली नाहीं. रयतेनें पाय काढले म्हणून झाली. आजही बीड जिल्ह्यांतून दरसाल लाखों माणसें ऊसतोडीला पाय काढतात. पण मुकादमाची उचल घेऊन निघालेला माणूस कौल मागूं शकत नाहीं. त्याचे पाय निघण्यापूर्वींच बांधलेले असतात.

रयत उठली तर राज्य उठतें, हें ज्याला पुरतें समजलें असा एक राजा आमच्या मुलखांत झाला. चिपळूणच्या छावणीला लिहिलेल्या पत्रांत शिवछत्रपतींनीं लष्कराला बजावलें कीं दाणा-वैरण विकत घ्या, कुणब्याच्या घरचें कांहीं उचलूं नका. नाहींतर लोक म्हणतील याहून मोगल बरे. आणि ५ सप्टेंबर १६७६ रोजीं प्रभावळीचे सुभेदार रामाजी अनंत यांस लिहिलेल्या पत्रांत आज्ञा केली कीं ज्याला बैल नाहीं त्याला बैल घेऊन द्या, पोटाला दाणा द्या, बियाणें द्या, आणि ऐपत येईल तसतसें नुसतें मुद्दल हळूहळू वसूल करा. बैल, बियाणें आणि पीक येईपर्यंतची भाकरी. आम्ही वर जो नुकसानीचा हिशेब मांडला त्याचें औषध या एका पत्रांत आहे. शिवाजी महाराजांच्या लढायांच्या गोष्टी सांगणाऱ्यांनीं हीं दोन पत्रें प्रत्येक शाळेंत वाचून दाखवावीं.

पण असे राजे थोडे. औरंगजेब इ. स. १६८१ त दख्खनेंत उतरला तो १७०७ त येथेंच वारला. मनुची नांवाच्या इटालियन माणसानें अदमास केला कीं त्या मोहिमेंत दरसाल लाखावर माणसें व तीन लाखांवर जनावरें मरत. हा आंकडा फुगविलेला समजून निम्मा केला तरी पंचवीस वर्षांत किती औतें मोडलीं त्याचा विचार करावा. त्यांतच १७०२ ते १७०४ या सालांत दुष्काळ व मरकी आली.

पुढें १० ऑगस्ट १७६३ रोजीं आमच्या गेवराई तालुक्यांत, राक्षसभुवनाला, पेशवे व निजाम यांची लढाई झाली. निजामाचा दिवाण विठ्ठल सुंदर तींत पडला, आणि थोरल्या माधवरावांचें नांव झालें. परंतु या लढाईच्या आधीं काय झालें? दोन्ही फौजांनीं महिनेच्या महिने एकमेकींची गांठ चुकविली आणि एकमेकांची रयत नागविली. निजामअलीनें पुणें जाळलें. पेशव्यांच्या फौजेनें निजामाचा मुलूख हैदराबादेपर्यंत लुटला. शूर शूरांना टाळीत होते आणि दोघे मिळून कुणब्याला गांठीत होते. तहांत ब्याऐंशी लाखांचा मुलूख पेशव्यांकडे आला. ही भाषाही पाहण्याजोगी आहे. मुलूख अमुक लाखांचा, म्हणजे त्या मुलखांतून दरसाल रयतेकडून इतके लाख निघतात. माणसें किती, विहिरी किती, बैल किती, हें तहांत येत नाहीं.

११ मार्च १७९५ रोजीं आमच्या सरहद्दीलगत, जामखेड तालुक्यांत, खर्ड्याची लढाई झाली. निजामानें तीन कोट रुपये देण्याचें कबूल केलें. निजामाकडे कांहीं रुपयांचें झाड नव्हतें. असे रुपये आमच्याच परगण्यांतून निघावयाचे. आणि अवघ्या सात वर्षांनीं, १८०२ त, होळकरांच्या फौजा व पेंढारी दख्खनेंतल्या उभ्या पिकांवरून गेले. पुढच्या वर्षीं पाऊस चुकला. आणि १८०३-०४ चा भयंकर दुष्काळ पडला. आधीं घोडे आले आणि मग दुष्काळ आला, हा क्रम लक्षांत ठेवण्याजोगा आहे.

हें आमच्याच देशाच्या नशिबीं होतें असेंही कोणी समजूं नये. आजमखान धारुरावर होता त्याच काळांत जर्मनींत तीस वर्षांचें युद्ध चाललें होतें, १६१८ पासून १६४८ पर्यंत. धारूर पडलें त्याच १६३१ सालीं मे महिन्यांत तेथील माग्देबुर्ग शहर जाळलें व हजारों नागरिक कापले गेले. तेथेंही फौजांना पगार नसे. ज्या मुलखांत फौज उतरे त्या मुलखानें तिला पोसावें असा रिवाज होता. लढाईंत तलवारीनें मेले त्याहून भुकेनें व सांथीनें अधिक मेले. जर्मनीची वस्ती कोणी म्हणतात पांचव्या हिश्शानें घटली, कोणी म्हणतात तिसऱ्या हिश्शानें, आणि ती भरून यावयास कित्येक दशकें गेलीं. कातडीचा रंग, धर्म, भाषा सारें निराळें. पण जेथें खळ्यावर राज्य चालतें तेथें लढाईचा खर्च खळ्यावरच पडतो.

आतां कोणी म्हणेल, त्या जुन्या गोष्टी झाल्या. यंत्रयुगांत लढाईची रीत बदलली, हें खरें. बिलाची रीत फारशी बदललेली नाहीं. दुसऱ्या महायुद्धांत आमचा जिल्हा निजामाच्या राज्यांत होता. तोफा युरोपांत व ब्रह्मदेशांत वाजत होत्या आणि मराठवाड्याच्या खळ्यावर धान्याची सक्तीची लेव्ही आली. २०२२ च्या फेब्रुवारींत रशियानें युक्रेनवर स्वारी केली. बीडपासून तें रणांगण हजारों कोस दूर. तरी खत, इंधन आणि खाद्यतेल यांचे भाव येथें पोंचले. सरकारला २०२२-२३ सालीं खतांच्या अनुदानावर सुमारें अडीच लाख कोटी रुपये खर्चावे लागले. हें अनुदान दिलें तें योग्यच केलें. परंतु त्याच वेळीं जगांत गव्हाचा भाव चढला, आणि शेतकऱ्याला चार पैसे दिसूं लागले तोंच १३ मे २०२२ रोजीं गव्हाची निर्यात बंद झाली. शहरांतल्या गरिबाचें पोट सांभाळणें सरकारचें काम आहे, हें आम्ही मानतों. आमचें म्हणणें इतकेंच कीं तें पोट सांभाळण्याचा खर्च साऱ्या देशानें भरावा. एकट्या गहूं पिकविणाऱ्याच्या खिशांतून तो काढूं नये. लढाईची महागाई शेतकऱ्यानें सोसावयाची आणि लढाईची तेजी त्याला लाभूं द्यावयाची नाहीं, हा न्याय धारूरच्या पेठेवर झालेल्या न्यायाचाच धाकटा भाऊ आहे.

म्हणून शेतकरी व कारागीर बंधूंनो, आम्ही तीन गोष्टी सुचवितों. पहिली: तुमच्या तालुक्याच्या महसुली दप्तरांत कोठें बेचिराख गांवांची नोंद आहे काय, तें तलाठ्यास विचारा. बेचिराख म्हणजे जेथें दिवा लागत नाहीं असें गांव. त्या पांढरीवर आज कोणाचें रान आहे, तेथली विहीर कोणती, मारुती कोणता, तेथून उठलेलीं घराणीं कोणत्या गांवीं गेलीं, हें म्हाताऱ्या माणसांस विचारून लिहून ठेवा. सारींच गांवें लढाईनें उठलीं नसतील. कांहीं सांथीनें, कांहीं पाण्यावांचून उठलीं असतील. परंतु विचारल्यावांचून कळणार नाहीं, आणि आमच्यासाठीं दुसरा कोणी विचारणार नाहीं.

दुसरी: संकटाच्या वेळीं सरकारकडे मदत मागतां ती कोणती मागावी तें शिका. लंगराची खिचडी माणसाला आजचा दिवस देते. बियाणें, जनावर आणि बिनव्याजी मुद्दल त्याला पुढचें साल देतें. मृगाच्या आधीं आलेली मदत ती मदत. पोळ्यानंतर आलेली नुसती नोंद.

तिसरी: लढाईच्या गोष्टी जेव्हां वर्तमानपत्रांत आणि चावडीवर रंगूं लागतात, तेव्हां तुमच्यांतल्या एकानें उठून विचारावें कीं याचा खर्च किती आणि तो कोण भरणार. देशावर कोणी चालून आला तर लढावें लागतें, आणि आमच्या घरांतलीं पोरें त्यांत मागें राहिलेलीं नाहींत. गांवोगांवचे माजी सैनिक याची साक्ष देतील. म्हणूनच हा प्रश्न विचारण्याचा पहिला अधिकार आमचा आहे. बीड शहराबाहेर सोळाव्या शतकांत निजामशाहीच्या अमलांत बांधलेली खजाना विहीर आजही उभी आहे. त्याच राज्यानें लढायांवर काय खर्च केला त्याचा आज मागमूस नाहीं. राजाच्या पैशांतून विहीर होते कीं वेढा होतो, हें ठरविण्याची सत्ता त्या वेळीं रयतेला नव्हती. आज मताच्या रूपानें ती थोडी आहे. ती वापरण्यापूर्वीं जमेबरोबर खर्चाची बाजूही वाचावी.